रिंगणात उतरलेला विवेक

निवडणुका जाहीर झाल्या की आपल्या समाजात एक वाक्य हमखास कानी पडते : "राजकारणात चांगली माणसे येत नाहीत हो!" मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, सकाळच्या लोकलमध्ये हे वाक्य उच्चारले जाते आणि भोवतालची मंडळी माना डोलावतात. मात्र हेच वाक्य उच्चारणाऱ्या गृहस्थाच्या मुलाने उद्या उमेदवारी अर्ज भरायचे मनात आणले, तर "बाबा रे, त्या चिखलात कशाला पाय घालतोस?" असे म्हणून त्याला अडवणारेही हेच गृहस्थ असतात. या विसंगतीला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र तसे वाटत नाही. त्या बापाच्या मनातली भीती खरी आहे. सत्तेवाचून पुष्कळसे अन्याय दूर होत नाहीत, सत्तेसाठी पक्ष लागतो, आणि पक्ष स्वीकारला की त्याची शिस्त, त्याची संगत आणि प्रसंगी त्याचे मौनही स्वीकारावे लागते. आपला मुलगा या मार्गाने गेला तर परत येताना तो तोच असेल का, हा त्या बापाचा प्रश्न आहे. पुरोगामी विचार मानणाऱ्या आणि त्याच वेळी शुभवर्तमानावर श्रद्धा असणाऱ्या माणसाला तर तो अधिकच छळतो.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या संविधानात राजकारण हे कठीण पण उदात्त कार्य असल्याचे मान्य केले आणि लोकहितासाठी सार्वजनिक पदाचा भार उचलणाऱ्यांची प्रशंसा केली. अकरावे पायस यांनी १९२७ सालीच राजकारणाला परोपकाराचे विशाल क्षेत्र म्हटले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या आपल्या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. हेन्री राजापुढे मान न तुकवता १५३५ साली मान देणारे संत थॉमस मोअर यांना दुसऱ्या जॉन पॉल यांनी २००० साली राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. तेव्हा राजकारणात जाणे हे पाप नव्हे, एवढे निश्चित. पण तत्त्वतः उदात्त असलेली गोष्ट व्यवहारात माणसाचे काय करते, हे विश्वपत्रे वाचून कळत नाही. त्यासाठी एखाद्या माणसाचे चरित्रच पाहावे लागते. मी येथे ज्यांचे चरित्र घेतो आहे ते एक येशूसंघीय धर्मगुरू होते आणि अमेरिकेच्या संसदेत दहा वर्षे बसले होते. त्यांचे नाव फादर रॉबर्ट ड्रायनन.

ड्रायनन यांचा जन्म १९२० साली बोस्टनचा. कायद्याचे पंडित, १९५६ पासून बोस्टन कॉलेजच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता. १९६९ साली एका आंतरपंथीय अभ्यासगटाबरोबर ते दक्षिण व्हिएतनामला गेले आणि तेथे जे पाहिले त्याने युद्धाचे कट्टर विरोधक होऊन परतले. १९७० च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यात युद्धविरोधी नागरिकांनी एक सभा भरवली. आपल्या मतदारसंघातून युद्धाच्या विरोधात कोणाला उभे करायचे हे तेथे मतदानाने ठरायचे होते. इच्छुकांत व्हिएतनामहून परतलेला सव्वीस वर्षांचा एक नौदल अधिकारी होता : जॉन केरी. पुढे २००४ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे तेच हे केरी. त्या दिवशी त्यांनी ड्रायनन यांच्यासाठी माघार घेतली. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचेच फिलिप फिलबिन होते. अठ्ठावीस वर्षे प्रतिनिधिगृहात बसलेले, संरक्षण खात्यावर देखरेख करणाऱ्या समितीतले ज्येष्ठ सभासद. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ड्रायनन यांनी त्यांना हरवले आणि नोव्हेंबरमध्ये तिरंगी लढतीत जागा जिंकली. मतदानाचा अधिकार असलेला सभासद म्हणून अमेरिकेच्या संसदेत बसलेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. काळा पोशाख आणि पांढरी कॉलर त्यांनी सभागृहातही सोडली नाही. त्याविषयी कोणी छेडले तर आपल्यापाशी दुसरा पोशाखच नाही, असे ते हसून सांगत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. ड्रायनन यांना पक्षाच्या पुढाऱ्यांनी तिकीट देऊन उपकृत केले नव्हते. शेजारपाजारच्या नागरिकांनी एकत्र बसून त्यांना पुढे केले होते आणि पक्षाच्याच दारातून आत शिरून पक्षाच्या जुन्या माणसाला बाहेर काढले होते. आपल्याकडे उमेदवारीची यादी मुंबईच्या वा दिल्लीच्या एखाद्या बंद खोलीत ठरते. ती वाट कोणत्याही सामान्य सभासदाला खुली नसते. माणूस पक्षात कसा शिरतो, त्यावर पुढे तो पक्षाचा किती मिंधा होतो हे पुष्कळ अंशी ठरत असते.

आता त्यांच्या कारकिर्दीतील जो प्रसंग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, त्याकडे वळतो. १९७३ च्या जुलैमध्ये एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. निक्सन यांच्या सरकारने १९६९ पासून चौदा महिने कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बवर्षाव केला होता आणि संसदेला खोटे अहवाल दिले होते. ३१ जुलै १९७३ रोजी ड्रायनन यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा असा ठराव प्रतिनिधिगृहात मांडला. वॉटरगेटची चौकशी तेव्हा चालू झाली होती, पण ड्रायनन यांचा मुख्य रोख कंबोडियावर होता. एका तटस्थ देशातल्या शेतकऱ्यांवर आकाशातून मरण ओतले गेले आणि लोकप्रतिनिधींना त्याचा पत्ताही लागू दिला नाही, यापेक्षा मोठा अपराध कोणता, असा त्यांचा सवाल होता.

नीतीच्या दृष्टीने त्यांचे काय चुकले? काहीच नाही. तरीही त्यांच्याच पक्षाचे सभागृहातील नेते टिप ओनील अस्वस्थ झाले. ओनील हेही बोस्टनकडचे, कॅथलिक आणि युद्धविरोधी. ठराव त्याच वेळी मतास टाकला गेला असता तर प्रचंड बहुमताने फेटाळला गेला असता, आणि एकदा 'नाही' म्हणून मत नोंदवलेल्या सभासदांना पुढे पुरावे हाती आल्यावरही 'होय' म्हणणे जड गेले असते, अशी त्यांची धास्ती होती. विरोधकांनी मुद्दाम तो ठराव मतास आणू नये म्हणून ओनील यांना सभागृहात पहारा ठेवावा लागला. झाले असे की ठराव पडून राहिला, वर्षभरात वॉटरगेटचे पुरावे साचत गेले आणि जुलै १९७४ मध्ये न्यायविषयक समितीने महाभियोगाची तीन कलमे मंजूर केली. कंबोडियाचे कलमही समितीपुढे आले. ते २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले गेले. ड्रायनन त्या समितीत होते आणि ते कलम मंजूर व्हावे म्हणून मत देणाऱ्या बारांत होते. एका घरफोडीची लपवाछपवी हा महाभियोगाचा विषय होतो आणि सहस्रावधी माणसांवरच्या बॉम्बफेकीची लपवाछपवी होत नाही, हे त्यांना अखेरपर्यंत खुपत राहिले. निक्सन यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

या प्रसंगात खरा कोण ठरला, ड्रायनन की ओनील? मी या प्रश्नाशी पुष्कळ झटापट केली आहे. जर्मन विचारवंत माक्स वेबर यांनी १९१९ साली म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात राजकारणातील दोन नीतींचा भेद सांगितला होता. एक श्रद्धेची नीती : जे योग्य ते करावे, फळाची चिंता परमेश्वरावर सोपवावी. दुसरी जबाबदारीची नीती : आपल्या कृतीचे जे परिणाम दिसू शकतात, त्यांचे ओझे स्वतः वाहावे. ड्रायनन पहिल्या नीतीचे आणि ओनील दुसऱ्या नीतीचे, असे वरवर दिसते. पण बारकाईने पाहिले तर ही वाटणी टिकत नाही. ओनील यांनाही निक्सन जायला हवे होते. त्यासाठीच ते थांबले. आणि ड्रायनन यांच्या ठरावाने काय साधले? महाभियोग हा शब्द उच्चारण्याचीही ज्या सभागृहाला भीती वाटत होती, तेथे तो शब्द कामकाजात नोंदला गेला. कोणीतरी अवेळी बोलल्यावाचून बोलण्याची वेळ येत नाही. माझे स्वतःचे मत असे की पक्षाला दोघेही हवे असतात, परंतु ड्रायननसारखे थोडे आणि ओनीलसारखे पुष्कळ, असे प्रमाण असेल तरच तो पक्ष चालतो. आणि ज्या पक्षात ड्रायननसारखा एकही उरत नाही, तो चालतो खरा, पण कोणत्या दिशेने हे विचारायला तेथे कोणी नसते.

मला अधिक कठीण वाटते ते दुसरेच प्रकरण, आणि आपल्या वाचकांपुढे ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. (तो निर्णय त्याच न्यायालयाने २०२२ साली रद्द केला.) ड्रायनन व्यक्तिशः गर्भपाताला अनैतिक मानीत. तरीही गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी सरकारी पैसा देऊ नये, अशी जी दुरुस्ती १९७६ साली संसदेत आली तिच्या विरोधात त्यांनी मत दिले. पाप आणि गुन्हा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, प्रत्येक पापाला कायद्याने शिक्षा देता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद पोकळ नाही. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, असे खुद्द संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे. पण त्यांनी त्याच ठिकाणी हेही म्हटले आहे की ज्यांच्यामुळे दुसऱ्याला इजा होते, असे दुर्गुण कायद्याने रोखलेच पाहिजेत. अजात बालक हा 'दुसरा' आहे की नाही, याच मुद्द्यावर सारा वाद येऊन थांबतो. ख्रिस्तसभेचे उत्तर ड्रायनन यांना ठाऊक होते. कंबोडियातील अनोळखी शेतकऱ्यासाठी ज्यांनी आपल्या पक्षनेत्यांचा रोष ओढवून घेतला, त्यांनी येथे पक्षाच्या बहुमताबरोबर चालावे, हे मला पटत नाही. त्यांचा हेतू गरीब स्त्रीला श्रीमंत स्त्रीपेक्षा वेगळा न्याय मिळू नये हा होता, हे मान्य करूनही पटत नाही.

मात्र येथे केवळ एका माणसाच्या दुबळेपणाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. पक्ष हे एक गाठोडे असते. तुम्हांला त्यातला तांदूळ हवा असतो, पण विकणारा म्हणतो, गाठोडे सबंध घ्या. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील दोन्ही पक्षांत गर्भपाताचे समर्थक होते आणि विरोधकही होते. पुढच्या दहा वर्षांत चाळण लागली. युद्धाला विरोध, कामगारांचे हक्क, गरिबांसाठी सरकारी खर्च यांबरोबर गर्भपाताचा अधिकार एका गाठोड्यात गेला. अजात जिवांचे रक्षण दुसऱ्या गाठोड्यात गेले आणि त्याच्याबरोबर शस्त्रास्त्रे, धनिकांना करसवलत हेही बांधले गेले. ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण घेऊन बाजारात गेलेल्या माणसाला कोणत्याही दुकानात त्याचा पुरता जिन्नस मिळेना.

रॉबर्ट केसी यांनी अर्धे गाठोडे परत करण्याचा प्रयत्न केला. पेनसिल्वेनियाचे हे कॅथलिक राज्यपाल (तेथे राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो) तीनदा पराभूत होऊन चौथ्या प्रयत्नात १९८६ साली निवडून आले. अर्थकारणात ते पक्के पुरोगामी. गरीब घरांतील मुलांना आरोग्यविमा मिळावा म्हणून त्यांनी १९९२ साली राज्यात कायदा केला. आणि गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. त्याच वर्षी न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले तेव्हा देशातील एका मोठ्या राज्याच्या या राज्यपालाला व्यासपीठावर बोलू दिले गेले नाही. त्यांनी पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला नव्हता म्हणून, असे संयोजकांचे स्पष्टीकरण. आपली मते नकोशी होती म्हणून, असे केसी यांचे म्हणणे. कारण काहीही असो, ज्या पक्षाच्या जुन्या मूल्यांसाठी त्यांनी जन्मभर काम केले, त्याच पक्षाच्या सभामंडपात ते मुके पाहुणे होऊन बसले. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही.

फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेय यांनी असल्या कहाण्यांवरून पक्षपद्धतीच मुळात निकालात काढली असती. ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या या विलक्षण स्त्रीने १९४३ साली, मृत्यूच्या थोडे आधी, राजकीय पक्ष नष्टच करावेत असा एक निबंध लिहिला. तो १९५० साली प्रसिद्ध झाला. पक्ष सामूहिक भावनांचा ज्वर निर्माण करतो, प्रत्येक सभासदाच्या विचारावर दडपण आणतो आणि स्वतःची वाढ हेच त्याचे अखेरचे ध्येय होऊन बसते, असे तिचे तीन आरोप. एखाद्या उमेदवाराने जाहीर केले की प्रत्येक प्रश्नाचा विचार करताना मी पक्षाचा सभासद आहे हे विसरून केवळ सत्य आणि लोकहित पाहीन, तर त्याचे पक्षबांधव त्याला क्षणभरही ठेवणार नाहीत, हे तिचे निरीक्षण आजही बोचते.

तिचे निदान मला बहुतांशी मान्य आहे. औषध मान्य नाही. पक्ष नाहीसे केले तर त्या जागी विवेक येऊन बसेल हे कशावरून? आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. म्हणून तेथे निखळ न्यायबुद्धी नांदते असे कोणता गावकरी छातीवर हात ठेवून म्हणेल? तेथे पॅनेल असते, भावकी असते, आळी असते, आणि वाळूचा नाहीतर जमिनीचा धंदा करणाऱ्याचा पैसा असतो. पक्ष नसेल तर गरिबाच्या पोराला निवडणूक लढवण्याइतकी यंत्रणा कोण पुरवणार? आपल्या देशात पक्षविरहित लोकशाहीचा विचार जयप्रकाश नारायण यांनी मोठ्या तळमळीने मांडला. १९५४ साली पक्षीय राजकारण सोडून त्यांनी भूदानाला जीवनदान दिले. आणि १९७७ साली हुकूमशाही हटवण्याची वेळ आली तेव्हा जनता पक्षाच्या जन्माला सुईण म्हणून त्यांनाच उभे राहावे लागले.

तो पक्ष किती टिकला हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या प्रसंगी जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव आठवल्यावाचून राहत नाही. मंगळूरच्या कॅथलिक घरात जन्मलेला, धर्मगुरू होण्यासाठी बंगलोरच्या सेमिनरीत गेलेला आणि तेथून बाहेर पडून १९४९ साली मुंबईच्या पदपथावर येऊन पोहोचलेला हा तरुण १९६७ साली स. का. पाटलांसारख्या मातब्बराला हरवून दक्षिण मुंबईतून लोकसभेत गेला. आपल्या पिढीतील कित्येक कामगारांनी त्यांच्या एका शब्दावर काम बंद ठेवले. १९७९ च्या जुलैमध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. त्या सरकारच्या बाजूने फर्नांडिस यांनी लोकसभेत घणाघाती भाषण केले आणि अवघ्या काही दिवसांत त्याच सरकारातून बाहेर पडले. पुढे ते भारतीय जनता पक्षाच्या आघाडीत संरक्षणमंत्री झाले. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारण्यात आले, तेव्हा पाहणीसाठी गेलेल्या तीन मंत्र्यांत फर्नांडिस होते. या मंत्रिगटाने सरकार अस्थिर करू पाहणाऱ्या शक्तींच्या कटाकडे बोट दाखवले. पुढे न्यायालयात दोषी ठरला तो दारा सिंग. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या त्या तरुणाने हा अहवाल मान्य केला असता काय? प्रत्येक पायरीवर त्यांच्यापाशी कारण होते : काँग्रेसला रोखायचे आहे, आघाडी सांभाळायची आहे, आत राहून काही चांगले करता येईल. एकेक कारण सुटे घेतले तर पटण्याजोगेच होते. बापाच्या मनातली भीती अशा वेळी उगाच वाटत नाही.

त्यातून आपल्या देशात आणखी एक गाठ बसली आहे. ड्रायनन यांना कंबोडियाच्या कलमावर पक्षातील कित्येकांच्या विरुद्ध मत देता आले आणि त्यांची जागा शाबूत राहिली. आपल्याकडे १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षाचा व्हिप मोडून मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तर सभासदत्वच जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा हा हेतू चांगला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हा कायदा मुख्यतः वैध ठरवला. पण फळ काय आले? एकट्या सभासदाला आपल्या विवेकानुसार मत देणे अशक्यप्राय झाले आणि एकगठ्ठा फुटणाऱ्यांना मात्र वाटा सापडत राहिल्या. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्राने जे पाहिले, त्याचे वर्णन मी येथे करीत बसत नाही. थोडक्यात, आपल्या कायद्याने बाजार थांबवला नाही. किरकोळ विक्री बंद करून ठोक विक्री तेवढी चालू ठेवली. अपक्ष म्हणून उभे राहावे तर १९५७ च्या लोकसभेत बेचाळीस अपक्ष होते, २०२४ च्या लोकसभेत सात.

मग राजकारणापासून दूर राहूनच काम करावे का? तोही मार्ग आहे आणि तो पळपुट्यांचा नाही. न्यूयॉर्कच्या झोपडवस्तीत उपाशी माणसांना जेवू घालणाऱ्या डोरोथी डे यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१७ साली तुरुंगवास भोगला आणि तो अधिकार मिळाल्यावर मतदान मात्र केले नाही. आपल्या वसईत हरित वसईच्या आंदोलनाचे नेतृत्व करणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. त्यांच्या शब्दाला जो भार होता तो त्यामुळेच होता. परंतु आंदोलनाने मागणी करता येते. आराखड्यावर सही शेवटी निवडून आलेलाच करतो. आंदोलन करणाऱ्याला कोणीतरी दार उघडणारा आत लागतोच, आणि तो आतला माणूस कोण असावा हा प्रश्न पुन्हा पहिल्या जागी येतो.

धर्मगुरूंनी हे आतले काम करावे की नाही, याचा निकाल मात्र रोमने दिला. मे १९८० मध्ये पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांची आज्ञा येशूसंघाच्या वरिष्ठांमार्फत ड्रायनन यांना पोहोचली : पुन्हा निवडणूक लढवू नये. पाच वेळा निवडून आलेल्या ड्रायनन यांनी दुःख लपवले नाही, पण आज्ञा मानली. १९८३ च्या धर्मसंहितेत मुलकी सत्ता चालवावी लागेल अशी पदे धर्मगुरूंनी स्वीकारू नयेत असा स्पष्ट नियमच झाला. निकाराग्वातील मंत्री झालेल्या धर्मगुरूंनी पदे सोडण्यास नकार दिला. त्यांपैकी फादर एर्नेस्तो कार्देनाल यांच्यावरील बंदी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली, त्यांच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी उठवली. पुरोगाम्यांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो. वेदीसमोर दोन्ही पक्षांचे मतदार गुडघे टेकतात. कम्युनियन देणाऱ्या हाताने त्यांच्यापैकी कोणाला हरवलेले असू नये. मात्र त्या नियमाची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. धर्मगुरूंना बाहेर ठेवले ते तेथे प्रापंचिकांनी जावे म्हणून. ड्रायनन यांची जागा रिकामी झाली ती बार्नी फ्रँक यांनी जिंकली, आणि गर्भपाताच्या प्रश्नावर तेही ड्रायनन यांच्याच बाजूचे होते. कॉलर निघाली, मत तसेच राहिले. निराळ्या मताचा, पण युद्धाच्या आणि दारिद्र्याच्या प्रश्नावर तितकाच खंबीर असा एखादा कॅथलिक प्रापंचिक बोस्टनच्या धर्मग्रामांतून तेव्हा पुढे आला नाही. अशा माणसांना घडवायला वेळ लागतो, आणि अनामत रक्कम भरण्याच्या दिवशी ती शोधून सापडत नाहीत.

इटलीत लुइजी स्तुर्त्सो या सिसिलीच्या धर्मगुरूने ही तयारी फार आधी ओळखली होती. काल्ताजिरोने या आपल्या गावच्या नगरपालिकेचा कारभार त्यांनी पंधरा वर्षे पाहिला आणि जानेवारी १९१९ मध्ये इटालियन लोकपक्ष स्थापन केला. पक्ष ख्रिस्ती प्रेरणेचा, पण ख्रिस्तसभेचा नव्हे, असे त्यांनी प्रारंभीच ठरवले. पक्षाच्या चुका वेदीच्या माथी मारल्या जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी शंभर सभासद निवडून आले. स्वतः स्तुर्त्सो उभे राहिले नाहीत. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर त्यांच्या पक्षातील काहींनी मंत्रिपदे घेतली. आत राहून काही चांगले करता येईल, हाच तो परिचित हिशेब. फॅसिस्टांशी तडजोड करायला स्तुर्त्सो तयार नव्हते, आणि ते रोमला गैरसोयीचे ठरले. १९२३ च्या जुलैमध्ये त्यांना पक्षाचे चिटणीसपद सोडावे लागले, पुढच्या वर्षी देशही. प्रथम लंडन, मग अमेरिका, अशी बावीस वर्षे गेली.

१९४६ साली ते परतले तेव्हा त्यांच्याच विचारांतून उगवलेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष देशावर राज्य करीत होता आणि त्यांचे जुने सहकारी दे गास्पेरी पंतप्रधान होते. थोर संस्थापक म्हणून हारतुरे घेत घरी बसण्याची सोय होती. १९५२ साली त्यांना तहहयात सिनेटर नेमले गेले, आणि ऐंशी ओलांडलेल्या या धर्मगुरूने आपले उरलेले आयुष्य वृत्तपत्रांत लेख लिहिण्यात घालवले. सरकारी पैशाची उधळपट्टी, सर्व काही शासनाच्या ताब्यात देण्याची हाव आणि पक्षाची मक्तेदारी यांच्यावर ते तुटून पडत. त्यांचे निशाण बहुतेक वेळा त्या सत्ताधारी पक्षाचे मंत्रीच असत. १९५९ साली त्यांचा मृत्यू झाला, तोवर हे लेख थांबले नव्हते.